हैबतीचा दगड रस्त्याकडे का बघत नाही

खरं तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगायची नाही.

आमच्या केळसवाडीत तसा नियमच आहे. ज्यानं हैबतीच्या वळणावर पाणी प्यायलं, त्यालाच हैबतीची गोष्ट सांगायची. आधी पाणी, मग गोष्ट. तुम्ही ते पाणी प्यायले आहात की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसालच, कारण आडव्या घाटातून आता गाड्या इतक्या जोरात जातात की वळण कधी आलं आणि कधी गेलं हे मागच्या सीटवरच्या माणसाला कळतही नाही.

तरी मी सांगते आहे. कारण गेल्या आठवड्यात रस्त्याच्या खात्यानं तिथं एक निळा बोर्ड लावला. त्यावर नाव आहे, पदकाचं चित्र आहे आणि खाली दोन ओळी आहेत. त्या दोन ओळींत काही खोटं नाही. पण त्या वाचून माणसाला वाटेल की आपल्याला सगळं कळलं, आणि तो पुढं निघून जाईल.

आज वळणावर आमच्या घराची पाळी आहे. मी रांजणाजवळ बसून लिहिते आहे. समोर खरातांच्या इंदूकाकू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या आहेत. मला तोंडानं सांगायला नीट जमत नाही. चार माणसं बघत असली की माझा आवाज बारीक होत जातो. म्हणून लिहून सांगते.

तर आधी डोळ्यांपुढं घाट आणा, पण गाड्यांशिवायचा.

तेव्हा रस्ता नुकताच फोडला होता. सुरुंगानं उडवलेल्या दगडांच्या कडा अजून धारदार होत्या. बैलगाड्या, तट्टं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, सगळे पायांनी घाट चढायचे. खाली ओढा होता आणि वर पठारावर विहीर होती. मध्ये काहीच नव्हतं. आणि बरोबर मध्ये, जिथं चढ सगळ्यात खडा आणि सावली अजिबात नाही, तिथं हे वळण. बैल तिथं पोचेपर्यंत तोंडाला फेस यायचा. असं म्हणतात, कावळासुद्धा त्या वळणावरून उडताना चोच घट्ट मिटून घ्यायचा, तोंडातली ओल वाळू नये म्हणून.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत हैबती खरात राहायचा. आम्ही त्याला एकेरीच म्हणतो, घरच्या माणसाला म्हणतो तसं. अंगानं उंच, इतका उंच की वस्तीतल्या प्रत्येक घराच्या दारात त्याला वाकावं लागायचं. साहेबाची मोठी लढाई सुरू झाली तेव्हा तो पलटणीत भरती झाला आणि बोटीत बसून बसऱ्याकडे गेला.

तिथं वाळवंट होतं. जिकडं बघावं तिकडं वाळू, आणि वाळूच्या पलीकडं परत वाळू. एकदा त्याची तुकडी खंदकात अडकली. वरून गोळ्या, खालून उकाडा, आणि पाण्याची एकच बाटली उरलेली. खंदकात देशोदेशीची माणसं होती. पठाण होता, गढवाली होता, कोकणातला होता, आणि सगळ्यांच्या जिभा सारख्याच सुजल्या होत्या. बाटली पहिल्या माणसाकडं गेली असती तर दुसऱ्याला मिळालीच नसती. तेव्हा हैबतीनं बाटली हातात घेतली आणि म्हणाला, "आपल्या हातानं कुणी प्यायचं न्हाई. शेजारच्याला पाजायचं. आपल्या हाताला आपली तहान कळती, पर थांबायचं कळत न्हाई."

मग पठाणानं गढवाल्याला पाजलं, गढवाल्यानं कोकण्याला, कोकण्यानं हैबतीला, आणि हैबतीनं पठाणाला. तू कुठल्या आळीतला, असं तिथं कोणी कोणाला विचारलं नाही. बाटली शेवटपर्यंत फिरली आणि तिच्यात घोटभर उरलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी हैबती कातड्याची पखाल पाठीवर घेऊन खंदकाबाहेर पडला. नदीपर्यंत सगळी मोकळी जमीन. तो पाणी भरून परत येताना गोळ्या लागून पखालीला भोकं पडायला लागली. एक भोक पडलं की तो त्यात बोट घालायचा. दुसरं पडलं की दुसरं बोट. असं म्हणतात, पखालीला जितकी भोकं पडली तितकी बोटं हैबतीला फुटली. एक गोळी त्याच्या उजव्या पायात शिरली, पण पायाच्या भोकात घालायला बोट शिल्लक नव्हतं, म्हणून तो पाय तसाच ओढत आला. पाणी मात्र सांडलं नाही. सगळी तुकडी वाचली.

त्याला चांदीचं पदक मिळालं. आणि तो पाय ओढतच घरी आला.

त्या काळी सरकारनं ठरवलं होतं की पदक मिळालेल्या शिपायाच्या नावानं नव्या रस्त्यावर एकेक जागा करायची. तिथं कोरीव दगड उभा करायचा, म्हणजे येणारा-जाणारा नाव वाचेल. गोरा साहेब घोड्यावरून केळसवाडीला आला आणि त्यानं हैबतीला विचारलं, कुठली जागा पाहिजे ते सांग. गावाला वाटलं, तो बाजारपेठेजवळची मागेल, नाहीतर नाक्यावरची. हैबतीनं घाटाकडं बोट केलं.

साहेबाबरोबरचा कारकून हसला. "अरे, त्या वळणावर तर काहीच नाही!"

"म्हणूनच की," हैबती म्हणाला.

चैत्रात दगड बसवला. वर पदकाचं चित्र, खाली नाव. ढोल वाजले. गावचा पाटील शिदोजी हार घेऊन पुढं आला. हैबती दगडाच्या शेजारीच उभा होता, उंच, पोशाखात, छातीवर पदक लावून. पाटलानं हार उचलला आणि दगडाच्या गळ्यात घातला. दगडाला गळा नसतो, त्यामुळे हार खाली घसरला, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हैबतीनं आदल्या दिवशीच रांजण आणून ठेवला होता. पहाटेपासून ओढ्यावरून कावडीनं पाणी आणून तो भरला होता. पाणी काढायचं तांब्याचं नवं ओगराळं घासून लख्ख केलं होतं. भाषणं झाल्यावर त्यानं ओगराळं भरलं आणि म्हणाला, "पानी घ्या मंडळी. लई ऊन हाय."

साहेबानं आपल्या खोगिराला बांधलेली बाटली काढली, बूच उघडलं आणि आपलंच पाणी प्यायला. पाटील म्हणाला, "आत्ताच पिऊन आलोय." पाटलाच्या मागचे म्हणाले, आम्हीपण आत्ताच पिऊन आलो. त्यांच्या मागच्यांनी फक्त मान हलवली. चैत्राच्या दुपारी, आडव्या घाटाच्या मध्यावर, सगळं गाव आत्ताच पाणी पिऊन आलं होतं.

मंडळी खाली उतरली. हैबती थांबला. त्यानं ओगराळं रांजणात रिकामं केलं, पोशाखाच्या बाह्या वर केल्या, कावडीची काठी दगडाखाली घातली आणि जोर लावून दगड फिरवला. नाव डोंगराकडं गेलं. रस्त्याकडं नुसती पाठ उरली.

दुसऱ्या दिवशी पाटील तरातरा वर आला. "हैबत्या, सरकारचा दगड उलटा करतोस? डोकं ठिकाणावर हाय का?"

"रस्त्यानं जाणारी मान्सं नाव वाचत्यात आन् तेवढ्यावर त्यांचं भागतं, पाटील," हैबती म्हणाला. "डोंगराला वाचू द्या. त्यो तहानल्याला हाय."

"आन् सुलटा कधी करणार?"

"ज्या दिशी गावातलं मानूस हितं माझ्या हातचं पानी पिईल. आन् मला पाजील."

 पाटलाला हसू फुटलं. "तुझं पानी पिईल ही एक गोष्ट झाली. पर तुला पाजील? अरं, पानी तूच आणतोस, रांजण तुझा, ओगराळं तुझं. तुला कशाला कोण पाजायला पायजे? घे आन् पी की!"

"हितं आपल्या हातानं पीत न्हाई मी," हैबती म्हणाला, आणि कावड उचलून ओढ्याकडं निघाला.

त्या दिवसापासून त्यानं त्या वळणावर पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. ओढ्यावर पोटभर प्यायचा, भरलेली कावड खांद्यावर घ्यायचा आणि पाय ओढत चढायचा. वर पोचेपर्यंत प्यालेलं सगळं घामातून गेलेलं असायचं. समोर भरलेला रांजण आणि शेजारी कोरड्या ओठांचा हैबती.

त्याच्या बायकोला, सगुणाला, हे बघवायचं नाही. ती भाकरी घेऊन वर आली की ओगराळ्याला हात घालायची. "आवं, मी पाजते की! मी काय मानूस न्हाई?"

"तू घरी पाज. हितं न्हाई. हितं त्यांनी पाजायचं, ज्यांनी हार दगडाला घातला."

"बिल्ला दिला तसं साहेबानं थोडं डोस्कं बी दिलं असतं तर!" सगुणा म्हणायची आणि भाकरी त्याच्या पुढ्यात आदळायची. पण दुसऱ्या दिवशी कावडीची एक घागर तीच भरून द्यायची.

पाणी वाया जात नव्हतं बरं का. वस्तीतली माणसं प्यायची, मेंढ्या घेऊन जाणारे धनगर प्यायचे, वाटसरू प्यायचे, कुठलेकुठले फकीर प्यायचे. सगळ्यांना हैबती खंदकातला नियम सांगायचा. कोणी एकटाच आला तर त्याला बसवून ठेवायचा. "थांब वाईच. दुसरा येऊ दे. तू त्याला पाज, त्यो तुला पाजील." तहान फारच असली तर स्वतः पाजायचा. बैलांना मात्र नियम नव्हता. गाववाल्यांचे बैल वळणावर आले की रांजणाकडं ओढ घ्यायचे आणि हैबती त्यांच्यासाठी दगडी डोणीत पाणी ओतायचा. बैल प्यायचे. मालक दुसरीकडं बघायचे.

जाता जाता गाडीवान टोमणा मारायचे, "काय हैबत्या, आलं का गावातलं कुणी?"

"येईल," हैबती म्हणायचा.

"आज आलं का?"

"येईल."

साहेब बदलून गेला. दगडाच्या पाठीवर शेवाळ आलं आणि वाळलं. पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, आणि तीही जाता-येता विचारायला शिकली, आलं का कुणी? हैबतीचे केस पांढरे झाले. उत्तर तेच राहिलं. ओढ्यावरून वळणापर्यंत येणाऱ्या पायवाटेवर, जिथं कातळ उघडा आहे, तिथं एक लांब चरी आहे. शिसपेन्सिलीनं ओढावी तशी सरळ नाही, थोडी वाकडी. हैबतीच्या उजव्या पायानं ती पडली, असं म्हणतात. मी तिच्यात माझं पाऊल ठेवून बघितलं आहे. पाऊल बरोबर बसतं, पण बोटं पुढं मोकळी राहतात. त्याचा पाय मोठा होता.

मग एका उन्हाळ्यात पठारावरची विहीर आटली.

ते खाली गावात कोणाला माहीत नव्हतं. शिदोजी पाटील आपल्या म्हाताऱ्या आईला, गोजराबाईला, पठारावरच्या लेकीकडून परत आणायला गेला होता. गोजराबाई तेव्हा इतकी म्हातारी होती की तिला स्वतःलाच आपलं वय आठवायचं नाही, पण जीभ मात्र कोयत्यासारखी होती. निघताना विहिरीवर कळशी भरून घ्यायची, असं ठरलं होतं. विहिरीत चिखल होता. पाटील म्हणाला, घाट उतरायचाच आहे, तासाभरात ओढा येईल. आणि गाडी निघाली.

वळणावर पोचता पोचता एक बैल गुडघ्यांवर बसला. मारलं, ओढलं, शेपटी पिरगाळली, उठेना. डोक्यावर सूर्य. गोजराबाई गाडीत आडवी झालेली. पाटलानं गाडीवानाला कळशी घेऊन ओढ्याकडं पळवलं, पण ओढा खाली दूर होता, आणि म्हातारीचे डोळे मिटायला लागले होते.

हैबतीनं डोणीत पाणी ओतलं. बैल गुडघ्यांवरच पुढं सरकला आणि प्यायला लागला. त्या आवाजानं गोजराबाईनं डोळे उघडले.

"शिदू," ती म्हणाली, "पानी हाय की तिथं."

"आई, गाडीवान गेलाय आणायला. दम धर."

"बैल पितोय त्ये काय हाय?"

"आई, ते हैबत्याचं हाय."

"मग? इख हाय व्हय त्यात?"

पाटलानं मान वळवून ओढ्याकडं बघितलं.

"इकडं बघ," गोजराबाई म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण शब्द नीट येत होते. "तू जन्मलास तवा रडला न्हाईस. निळा पडला व्हतास. सुईण कोन व्हती? या हैबतीची आई. तिनं तुला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, आन् पान्याचं पयलं बोट तुझ्या तोंडात घातलं, तवा तू रडलास. माझ्या दुधाच्या बी आधी तिच्या हातचं पानी प्यालास तू. तवा न्हाई बाटलास! आन् आता माझा जीव चाललाय तर मी बाटते व्हय रं?"

पाटलाला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. गावात सगळ्या म्हाताऱ्या बायकांना ते माहीत होतं, पण कोणीच बोललं नव्हतं.

हैबती ओगराळं भरून गाडीजवळ आला. त्यानं काही अट घातली नाही. दगडाचं नाव काढलं नाही. गोजराबाईच्या डोक्याखाली हात घालून त्यानं तिला थोडं उचललं आणि सावकाश पाजलं. एक घोट. थांबला. दुसरा घोट. लढाईत तहानलेल्या माणसाला कसं पाजायचं ते त्याला ठाऊक होतं. म्हातारीच्या तोंडावर रंग आला. ती उठून बसली, आणि मग तिनं हैबतीच्या ओठांकडं बघितलं. त्यांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत रक्त वाळलं होतं.

"आन् तू?"

"मी हितं पीत न्हाई, पाटलीणबाई."

"का?"

हैबती ओगराळं पुसायला लागला. तिनं मुलाकडं बघितलं. पाटील जमिनीकडं बघत होता. घरात त्यानं हे कधी निघू दिलं नव्हतं. मग शेवटी त्यानंच सांगितलं, तुटक तुटक, हाराचं, दगडाचं, आणि अटीचं.

गोजराबाई गाडीच्या चाकाला धरून खाली उतरली. कोणाचा आधार घेतला नाही. हातातली काठी पाटलाच्या हातात दिली, रांजणात ओगराळं बुडवलं आणि दोन्ही हातांनी वर काढलं. 

"वाक की खाली, माडासारखा काय हुभा ऱ्हायलास? माझा हात पोचतोय व्हय तिथवर?"

हैबती गुडघ्यांवर बसला. दुखरा पाय बाजूला पसरावा लागला. त्यानं ओंजळ पुढं केली, आणि गोजराबाईनं पाणी ओतलं.

इथं गोष्ट सांगणारा प्रत्येक जण जरा थांबतो. इंदूकाकू तर डोळेच मिटतात. कारण असं म्हणतात, ओगराळं एकच होतं, पण धार थांबेना. हैबती पितोय आणि धार चालूच. जितक्या वर्षांची तहान तितकी धार. गाडीवान ओढ्यावरून कळशी भरून परत आला, तरी धार चालूच होती. त्याच्या ओंजळीतून जे सांडलं ते कातळावर पडलं, आणि जिथं पडलं तिथं कातळ ओला झाला, तो पुन्हा वाळलाच नाही. तोच आपला झिरा. आमचे विज्ञानाचे सर म्हणतात की कातळाच्या थरांमध्ये पाणी अडतं आणि भेगेतून पाझरतं. असेल. पण मग ते त्याच दिवशी का पाझरायला लागलं, हे सरांनी सांगितलेलं नाही, आणि मी वर्गात विचारलेलं नाही.

धार थांबली तेव्हा गोजराबाईनं ओगराळं खाली ठेवलं. "शिदू, आता तू."

पाटील जागचा हलला नाही.

"तू पिऊन पाजल्याबिगर मी गाडीत बसायची न्हाई. हितंच ऱ्हाते. हैबती, मला वाईच सावली कर बाबा."

आणि ती खरोखरच दगडाला टेकून बसली.

 मग पाटलानं पायातल्या वहाणा काढल्या. तापलेल्या कातळावरून चालत आला, हैबतीसमोर ओंजळ धरली आणि मान खाली घातली. हैबतीनं पाजलं. मग पाटलानं ओगराळं घेतलं आणि हैबतीला पाजलं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हते, पाण्याकडं बघत होते.

"लई गार हाय पानी," पाटील म्हणाला. 

मग हैबतीनं कावडीची काठी दगडाखाली घातली. पाटलानं न सांगता खांदा लावला. दगड करकरत फिरायला लागला. डोंगराकडचं नाव हळूहळू रांजणाच्या बाजूला आलं, आणि तिथं हैबती म्हणाला, "बास."

"अरं, अर्धाच झालाय," पाटील म्हणाला. "रस्त्याकडं तोंड कुठं आलंय अजून?"

"नगं रस्त्याकडं. हितं ऱ्हाऊ द्या, पान्याकडं. जो प्यायला आत येईल त्याला नाव दिसंल."

"आन् जो न्हाई येनार?"

"त्याला नाव घेऊन काय करायचंय?"

तसाच तो दगड अजून उभा आहे. रस्त्यावरून त्याची फक्त कड दिसते.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव वळणावर आलं, असं काही झालं नाही, बरं का. गावात खूप धुसफूस झाली. काही घरांनी पाटलाकडं जेवायला जाणं सोडलं. काही जण पुढची कितीतरी वर्षं आपल्या कळशा घेऊनच घाट चढायचे. पण गाडीवान टोमणा मारायचे बंद झाले, कारण आता विचारायचं काय? आणि एकेक जण, कधी उन्हामुळं, कधी आजारपणामुळं, कधी नुसता उत्सुकतेपोटी, आत वळायला लागला. शेवटचं घर वळलं तेव्हा हैबती नव्हता.

तो कसा गेला याबद्दल दोन मतं आहेत. वस्तीतले सांगतात की तो घरीच गेला, सगुणाच्या हातचं पाणी पिऊन, आणि शेवटी म्हणाला, "आता घरचं." घाटातले जुने गाडीवान सांगायचे की त्या सकाळी ते वळणावर पोचले तर रांजण काठोकाठ भरलेला, कावड टेकवून ठेवलेली, आणि ओल्या पावलांची रांग झिऱ्यापर्यंत गेलेली. त्यात उजवं पाऊल ओढलेलं नव्हतं. दोन्ही पावलं सरळ उमटली होती.

आता तिथं काय चालतं ते सांगते.

शिमग्यापासून उन्हाळा संपेपर्यंत रोज दोन घरांची पाळी असते, एक घर वरच्या आळीतलं आणि एक वस्तीतलं. नेहमी दोनच, कारण एकटा माणूस पाजू शकतो पण पिऊ शकत नाही. बाकीच्या दिवसांत तिथं कोणी नसतं, तेव्हा एकटा वाटसरू दुसरा येईपर्यंत बसून राहतो. त्या बसण्यात किती ओळखी झाल्या आणि किती सोयरिकी जुळल्या त्याला गणती नाही. मोटारसायकलवाले, ट्रकवाले, कोणीही असो. यष्टी तिथं थांबते. ड्रायव्हर कंडक्टरला पाजतो, कंडक्टर ड्रायव्हरला. त्यांचं सकाळी डेपोत भांडण झालं असलं तरी. बांधावरून अबोला धरलेल्या भावांना घरचे मुद्दाम एकाच गाडीवर बसवून घाटात पाठवतात.

गावातलं कोणी फौजेत भरती झालं की निघण्याआधी इथं येतं. वस्तीतल्याला वरच्या आळीतला पाजतो, वरच्या आळीतल्याला वस्तीतला. कारगिलहून परत आलेले आमच्या गावचे सुभेदार पदक लावून आधी इथं आले होते, घरी नंतर गेले. त्यांनी दगडावरच्या पदकाला आपलं पदक टेकवलं आणि मग ओंजळ धरली.

आणि गावात मूल जन्माला आलं की पाण्याचं पहिलं बोट याच झिऱ्याचं असतं. पाणी उकळून गार केलेलं, आता नर्सबाई तसं करायला लावतात. पण ते बोट घालायला बाई पलीकडची येते, वरच्या आळीत वस्तीतली आणि वस्तीत वरच्या आळीतली. माझ्या तोंडात इंदूकाकूंनी घातलं होतं. त्या म्हणतात, तेव्हाच तू काही आवाज केला नाहीस, नुसती बघत राहिलीस.

राहिला बोर्ड.

बोर्ड चांगला आहे. एवढ्या वर्षांनी सरकारला पुन्हा हैबतीची आठवण झाली, या थांब्याला अधिकृत नाव मिळालं, याचा सगळ्यांना आनंदच आहे. सरपंचांनी नारळ फोडला. फक्त खात्याच्या माणसांनी तो रस्त्याकडं तोंड करून लावला, कारण बोर्ड तसेच लावतात. सरपंचांनी सांगून बघितलं की आमच्याकडं हे नाव पाण्याकडं बघतं. खात्याची माणसं म्हणाली, मग वाचणार कोण? आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डाचं तोंड रांजणाकडं होतं. खात्याची माणसं आली, त्यांनी तो परत फिरवला आणि नटबोल्ट घट्ट केले. पुढच्या सकाळी परत रांजणाकडं. त्यांनी इंदूकाकूंना विचारलं, कोणी फिरवला? काकू शेंगा फोडत म्हणाल्या, "वारा लई सुटतोय बाबा घाटात." त्यांनी तळाशी सिमेंट घातलं. सिमेंटसकट वाऱ्यानं फिरवला. कोण फिरवतं ते मला माहीत नाही. म्हणजे मी बघितलेलं नाही. काल सरपंचांच्या अंगणात वरच्या आळीची आणि वस्तीची कावडीची काठी एकाच भिंतीला टेकवून ठेवलेली होती, एवढं मी बघितलं.

आज खात्याचे मोठे साहेब स्वतः येणार आहेत, असं कळलं आहे. ते रागावले आहेत म्हणे. बोर्ड काढूनच नेणार, आणि हा थांबा खात्याच्या यादीतून खोडून त्याची जागा दुसऱ्या घाटाला देणार. गावातले मोठे लोक काय बोलायचं ते ठरवताहेत. मीसुद्धा ठरवलं आहे. साहेब आले तर मी गप्प बसणार नाही. मी त्यांना तोंडानं सांगणार की बोर्ड उलटा नाही, तो बरोबर तिकडंच बघतोय जिकडं—

"अगं ए, लिहीत काय बसलीस! पांढरी जीप थांबलीय बघ. साहेब दिसत्यात. एकलेच हायेत, ड्रायव्हर बी न्हाई. तोंड बघ कसं सुकलंय बिचाऱ्याचं. ऊठ, ओगराळं घे, माझे हात मातीनं भरल्यात."

इंदूकाकूंचे हात शेंगांनी तेवढे भरलेले नाहीत. त्या हसताहेत.

आले, काकू. तुम्ही वाचणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, आधी पाणी, मग गोष्ट, साहेबांनासुद्धा. ते आत आलेत, दगडासमोर उभे राहून नाव वाचताहेत, रांजणाकडं बघताहेत, आणि त्यांना अजून माहीत नाही की मी पाजल्यावर त्यांना ओगराळं हातात घेऊन मला—